कामाच्या ठिकाणचं प्रतिकूल वातावरण: अंतर्गत समितीपुढे काय आणि कसं सिद्ध करावं लागतं

बढतीच्या बदल्यात साहेबांनी काही मागितलं, ही तक्रार सिद्ध करणं अवघड असेल, पण मांडायला सोपी असते. माणूस एक, प्रसंग एक, मागणी एक. रोजचे पाचकळ विनोद, ऑफिसच्या ग्रुपवर येणाऱ्या क्लिप, कपड्यांवरचे शेरे, खुर्चीच्या मागे येऊन रेंगाळणं, यांचं तसं नसतं. यातला कुठलाही प्रसंग सुटा काढला की समोरचा म्हणतो, ‘एवढंच ना?’ आणि सगळे एकत्र सांगायला गेलं की तक्रार ‘वातावरणच घाण आहे’ अशी ढोबळ होते. अंतर्गत समितीपुढे, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या कार्यालयातल्या समितीपुढे, या तक्रारी जास्त करून इथेच मार खातात. घडलेलं खोटं नसतं. ते जोडून दाखवलेलं नसतं.

पॉश कायदा, म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम २०१३, हा ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालातली मार्गदर्शक तत्त्वं होती. प्रतिकूल वातावरणाची तरतूद कलम ३(२) मध्ये आहे. तिथे पाच परिस्थिती दिल्या आहेत: विशेष वागणुकीचं आमिष, त्रासदायक वागणुकीची धमकी, नोकरीच्या आजच्या किंवा पुढच्या स्थितीबद्दल धमकी, कामात ढवळाढवळ किंवा धाक घालणारं, आक्षेपार्ह वा प्रतिकूल वातावरण तयार करणं, आणि आरोग्याला किंवा सुरक्षिततेला बाधा येईल अशी अपमानास्पद वागणूक. आपला विषय चौथ्या परिस्थितीचा. पाचवी तिच्याबरोबर बहुतेक वेळा येतेच, म्हणून तक्रारीत दोन्ही पोटकलमं लिहावीत.

या कलमातला एक वाक्यांश मात्र घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतो. या परिस्थिती लैंगिक छळाच्या कृतीशी ‘संबंधित’ असाव्या लागतात. वरिष्ठ तुसडे आहेत, ओरडतात, रजा नाकारतात, एवढ्याने पॉश लागू होत नाही. तो छळ खराच असेल, पण त्याची दाद सेवानियमांखाली मागायची असते.

तीन सांधे

पहिला सांधा कृतीचा. कलम २(ढ), जे इंग्रजी प्रतीत एन या अक्षराखाली आहे, त्यात पाच प्रकार येतात: शारीरिक स्पर्श वा जवळीक, लैंगिक सुखाची मागणी वा विनंती, लैंगिक आशयाचे शेरे, अश्लील साहित्य दाखवणं, आणि लैंगिक स्वरूपाचं इतर कोणतंही नकोसं शारीरिक, शाब्दिक वा निःशब्द वर्तन. स्पर्श झालाच पाहिजे असं नाही. ए. के. चोप्रा प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने, प्रत्यक्ष शारीरिक संपर्क झाला नाही असं म्हणत अधिकाऱ्याला दिलासा दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९९ मध्ये तो निकाल फिरवला आणि बडतर्फी कायम केली. तक्रारीतला प्रत्येक प्रसंग या पाचपैकी कुठल्या खणात बसतो, ते त्या प्रसंगापुढेच लिहा.

दुसरा सांधा नकोसेपणाचा. ‘मी तर गंमत केली’ हा बचाव हमखास येतो. त्यावर मद्रास उच्च न्यायालयाचा जानेवारी २०२५ चा निकाल उपयोगी आहे. एका आयटी कंपनीतल्या वरिष्ठावर तीन महिलांच्या तक्रारी होत्या, आणि न्यायालयाने म्हटलं की करणाऱ्याच्या हेतूपेक्षा ते वर्तन समोरच्या स्त्रीपर्यंत कसं पोचलं याला कायद्यात महत्त्व आहे. तरीही नकोसेपणाच्या खुणा दाखवाव्या लागतात, आणि त्या ‘मला हे आवडत नाही’ अशा थेट वाक्यातच असतात असं नाही. ग्रुप सोडला, जागा बदलून मागितली, कॅबमध्ये पुढच्या सीटवर बसायला लागलात, संध्याकाळच्या एकट्याच्या मीटिंगला मैत्रिणीला बरोबर नेलं, मेसेजला उत्तर देणं बंद केलं. हाताखाली काम करणारी बाई साहेबाला तोंडावर ‘बंद करा’ म्हणत नाही, हे समजूतदार समितीला कळतं. मात्र त्या खुणा तुम्ही नोंदवल्या नाहीत, तर समिती त्या तुमच्या वतीने शोधत बसणार नाही.

इथे एक सल्ला बऱ्याच जणींना पटत नाही, तरी तो पाळावा. त्या माणसाशी आधी हसतखेळत झालेले मेसेज असतील, वाढदिवसाच्या शुभेच्छा असतील, एखादी हसरी इमोजी असेल, तर ते लपवू नका. ते त्याच्याकडेही आहेत आणि तो पहिल्याच उत्तरात जोडणार आहे. तुमच्या तक्रारीत ते आधीच आले, आणि कुठल्या तारखेपर्यंत संबंध साधे होते व कुठून बिघडले हे लिहिलेलं असलं, तर त्या कागदांचा जोर जातो. त्यानेच ते आणले, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका बसते.

तिसरा सांधा परिणामाचा, आणि तोच सगळ्यात कच्चा राहतो. कलमाची भाषा नीट वाचा: कामात ढवळाढवळ ‘किंवा’ धाक घालणारं, आक्षेपार्ह ‘किंवा’ प्रतिकूल वातावरण. म्हणजे काम बिघडलंच पाहिजे अशी अट नाही. दात-ओठ खाऊन टार्गेट पूर्ण करणाऱ्या बाईचीही तक्रार टिकू शकते. ‘तिचं रेटिंग तर उत्तम आहे’ हे त्यावरचं पूर्ण उत्तर होत नाही. पण वातावरण बिघडल्याची काहीतरी खूण लागते: टाळलेल्या मीटिंगा, बदललेल्या वेळा, वाढलेल्या रजा, डॉक्टरकडच्या फेऱ्या, बदलीचा अर्ज.

हे सांधे जुळले नाहीत की काय होतं, याचा नमुना मुंबई उच्च न्यायालयाच्या मार्च २०२५ च्या निकालात आहे. पुण्यातल्या एका बँक-अधिकाऱ्याने प्रशिक्षणाच्या सत्रात सहकारी महिलेच्या लांब केसांवर शेरा मारला आणि गाण्याची ओळ म्हटली. समितीने त्याला दोषी धरलं, औद्योगिक न्यायालयाने ते कायम ठेवलं. उच्च न्यायालयाने मात्र, आरोप जसेच्या तसे खरे धरले तरी त्यातून लैंगिक छळ झाल्याचा निष्कर्ष काढणं कठीण आहे, असं म्हणून तो अहवाल रद्द केला. घटना घडली, पण ती व्याख्येत कशी बसते याचं विवेचन अहवालात नव्हतं. निकालाशी कुणाचा मतभेद असू शकतो. तक्रार लिहिणाऱ्यांनी आणि समितीवर बसणाऱ्यांनी त्यातून घ्यायचं ते हे, की एकच प्रसंग असेल तर त्याचा लैंगिक रोख स्पष्ट दाखवा, आणि अनेक असतील तर त्यांची मालिका दाखवा.

गुगलवर शोधलं की अमेरिकेतला निकष समोर येतो: वर्तन ‘गंभीर किंवा सर्वत्र पसरलेलं’ हवं. तो तिथल्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाखाली, १९८६ च्या मेरिटर आणि १९९३ च्या हॅरिस निकालांतून आला. किती वेळा घडलं, किती गंभीर होतं, शारीरिक धमकी होती की नुसता शेरा, कामात अडथळा आला का, हे तिथे एकत्र तोलतात. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात नोकरी करणाऱ्या मराठी बाईला तोच निकष लागू, आणि ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी पाहणारी तिथली केंद्रीय संस्था) जायची मुदत १८० दिवस, राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तिथे ३००. आपल्या कायद्यात मात्र ‘गंभीर किंवा सर्वत्र’ अशी पायरी लिहिलेली नाही. पुण्यातल्या कंपनीतला प्रतिवादी, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, अमेरिकन निकष पुढे करून ‘दोनच वेळा तर झालं’ म्हणत असेल, तर त्याला कलम ३(२) दाखवा.

मुदत कुठून मोजायची

तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत हवी. प्रसंगांची मालिका असेल तर शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने. सबळ कारण असेल तर समिती कारणं नोंदवून आणखी जास्तीत जास्त तीन महिने वाढवू शकते. त्यापुढे समितीच्या हातात काही उरत नाही.

प्रतिकूल वातावरणाच्या प्रकरणांत ‘शेवटचा प्रसंग’ कुठला, हाच खरा वाद असतो. कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या प्राध्यापिकेच्या कुलगुरूंविरुद्धच्या तक्रारीत शेवटची लैंगिक छळाची घटना एप्रिल २०२३ ची होती आणि तक्रार डिसेंबर २०२३ मध्ये दाखल झाली. मधल्या काळात, ऑगस्टमध्ये, तिला एका केंद्राच्या संचालकपदावरून काढलं होतं. तो सूड असून छळाचाच पुढचा भाग आहे, असं तिचं म्हणणं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रशासकीय कारवाई लैंगिक छळाच्या मालिकेत धरायला नकार दिला आणि तक्रार मुदतबाह्य ठरली. (कुलगुरूंच्या वैयक्तिक माहितीपत्रात या निकालाचा उल्लेख राहिला पाहिजे, असंही न्यायालयाने सांगितलं. मूळ आरोपांची चौकशी मात्र झालीच नाही.)

म्हणून घड्याळ शेवटच्या त्रासापासून लावू नका. शेवटच्या लैंगिक स्वरूपाच्या कृतीपासून लावा. नंतरची बदली, खालावलेलं रेटिंग, काढून घेतलेला प्रोजेक्ट हे सगळं तक्रारीत जरूर घ्यायचं, परिणाम म्हणून. मुदत वाढवायला त्यावर विसंबायचं नाही. त्या सूडाच्या कृतीलाच मालिकेचा दुवा म्हणून दाखवायचं असेल, तर जोडणारा धागा कागदावर हवा: ‘तेव्हा ऐकलं असतंस तर’ असा मेसेज, किंवा नकारानंतर चारच दिवसांत निघालेला आदेश. उशीर झालाच असेल तर तक्रारीबरोबर वेगळा विलंबमाफीचा अर्ज द्या आणि त्यात आजारपण, बाळंतपण, त्याच वरिष्ठाच्या हातात असलेलं कन्फर्मेशन अशी कारणं तारखा-कागदांसह लिहा. ‘मी घाबरले होते’ हे कारण खरं असतं. ते कुणाची भीती, कशामुळे आणि कधीपर्यंत, असं उलगडून लिहिलं तर समितीला नोंदवता येतं.

किती पुरावा पुरतो

फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागतो. समितीपुढे तेवढं लागत नाही. दोन्ही बाजू पाहता घडलं असण्याची शक्यता न घडल्याच्या शक्यतेपेक्षा जास्त वाटते का, एवढंच पाहायचं असतं. प्रत्यक्ष साक्षीदार नाही किंवा सीसीटीव्हीत दिसत नाही म्हणून तक्रार पडत नाही. मद्रासच्या वरच्या प्रकरणात कामगार न्यायालयाने फुटेज नसल्याचा मुद्दा धरून समितीचा अहवाल बाजूला सारला होता. उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. चोप्रा निकालातही हेच सांगितलं आहे की अशा प्रकरणांत व्यापक शक्यता तपासायच्या, किरकोळ विसंगतींवर अडून बसायचं नाही.

याचा अर्थ तिच्या एकटीच्या जबाबावरही निष्कर्ष निघू शकतो. पण तो जबाब आतून घट्ट असावा लागतो, आणि त्यासाठी घटनाक्रम.

घटनाक्रम असा लिहा

समितीपुढे बऱ्याचदा येणारं वाक्य: ‘सर नेहमी अश्लील बोलायचे आणि वाईट नजरेने बघायचे.’ यातला ‘नेहमी’ हा शब्द उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत गळून पडतो. त्याऐवजी असं:

‘गुरुवार, १२ जून २०२५, दुपारी साडेतीनच्या सुमारास, तिसऱ्या मजल्यावरची मीटिंग रूम. हजर: मी, प्रतिवादी, टीममधले दोघे (नावं). मी प्रेझेंटेशन सुरू करत असताना प्रतिवादी म्हणाले, “आज एवढी घट्ट कुर्ती कुणासाठी?” दोघे हसले. मी काही बोलले नाही, लॅपटॉप सहकाऱ्याकडे सरकवला. ४.१० ला मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर सांगितलं (जोडपत्र ३). पुढच्या आठवड्यापासून या रिव्ह्यूला मी जागेवरूनच ऑनलाइन हजर राहू लागले. १९ आणि २६ जूनचे मीटिंगचे तपशील जोडपत्र ४.’

एका परिच्छेदात तिन्ही सांधे आले. शब्द जसेच्या तसे लिहा, कितीही घाणेरडे असले तरी. ‘अपशब्द वापरले’ असं सभ्य करून लिहिलं की व्याख्येतला ‘लैंगिक आशय’ नाहीसा होतो. इथे संकोच महागात पडतो. तारीख नक्की आठवत नसेल तर ओढूनताणून देऊ नका. ‘गणपतीच्या सुट्टीनंतरचा पहिला सोमवार’ किंवा ‘क्वार्टर एंडच्या आठवड्यात’ हे चालतं, चुकीची तारीख चालत नाही: त्या दिवशी तो रजेवर निघाला तर पूर्ण मालिकेवर बोट ठेवलं जातं. म्हणून तारखा लिहिण्याआधी कॅलेंडर, कॅबचे मेसेज, यूपीआयचे व्यवहार, मीटिंगची निमंत्रणं उघडून ताळा घ्या.

सगळे प्रसंग क्रमाने मांडले की मालिका आपोआप दिसते. वीस प्रसंग असतील तर पक्के सात-आठ सविस्तर, बाकीचे एका परिच्छेदात थोडक्यात. डळमळीत प्रसंगांनी आकडा फुगवला की पक्के प्रसंगही पातळ होतात.

पुराव्याची जमवाजमव

व्हॉट्सॲप: स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ आणि शक्यतो नंबर दिसला पाहिजे. ‘बॉस’ असं सेव्ह केलेलं नाव पुरावा म्हणून अर्धवट आहे, म्हणून संपर्काच्या माहितीचा, नंबर दिसणारा वेगळा स्क्रीनशॉट घ्या. फक्त त्याचाच मेसेज कापून देऊ नका. आधीचे-नंतरचे मेसेज ठेवा. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. आपोआप गायब होणाऱ्या मेसेजचं सेटिंग चालू असेल तर आजच बघा. फोन विकू नका, रिसेट करू नका. समिती पुराव्याच्या कायद्याला काटेकोरपणे बांधलेली नसते, पण प्रकरण न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं, डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं.

कंपनीच्या मेल आणि चॅटचं थोडं वेगळं आहे. नोकरी सुटली किंवा निलंबन झालं की लॉगिन जातं. तरीही क्लायंटच्या गोपनीय फायली स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. उलट शिस्तभंगाची नोटीस येते आणि मूळ विषय बाजूला पडतो. मेलची तारीख, वेळ, विषय आणि कुणाकुणाला गेला हे टिपून ठेवा आणि तक्रारीत तो मेल सर्व्हरवरून मागवण्याची विनंती करा. कागदपत्रं मागवणं, साक्षीदारांना बोलावणं आणि शपथेवर तपासणं याबाबतीत कलम ११ ने समितीला दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत. हा अधिकार वापरणाऱ्या समित्या मोजक्या दिसतात. तुम्ही लेखी मागितलं तर नाकारण्याचं कारण त्यांना लिहावं लागेल.

सीसीटीव्हीवर काही आठवड्यांतच नवं फुटेज चढतं. तक्रार तयार व्हायला वेळ लागणार असेल, तर आधी एक ओळीचा मेल करा: अमुक तारीख, अमुक वेळ, अमुक जागेचं फुटेज जपून ठेवा. नंतर फुटेज ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं, तर तो मेलच कामाला येतो.

साक्षीदार दोन जातीचे असतात. एक, ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं. दुसरे, ज्यांना तुम्ही लगेच सांगितलं: मैत्रीण, आई, नवरा, शेजारच्या टीममधली ताई. दुसऱ्यांना घटनेचे साक्षीदार म्हणता येत नाही, पण त्या दिवशी तुम्ही काय सांगितलं आणि कशा दिसत होतात हे ते सांगू शकतात, आणि ‘नंतर रचलेली गोष्ट’ या बचावाला तेवढं उत्तर पुरतं. ऑफिसमधले लोक नोकरीच्या भीतीने मागे सरतात, म्हणून नाव देण्याआधी त्यांच्याशी बोला. सुनावणीत ‘मला आठवत नाही’ म्हणणारा साक्षीदार नसलेला परवडला. त्याच माणसाचा त्रास झालेल्या दुसऱ्या बायका असतील तर त्यांनी साक्ष द्यावी किंवा आपली वेगळी तक्रार करावी. पण सगळ्यांच्या तक्रारींत तीच वाक्यं आली तर ‘संगनमत’ हा शब्द ऐकावा लागतो. प्रत्येकीने आपल्या शब्दांत लिहावं.

परिणामासाठी: रजांचा उतारा, आधीच्या आणि नंतरच्या अप्रेझलच्या प्रती, बदलीचे अर्ज, एचआरशी झालेला पत्रव्यवहार, डॉक्टर वा समुपदेशकाच्या चिठ्ठ्या, औषधांची बिलं. हीच कागदपत्रं कलम १५ खाली भरपाई ठरवताना पुन्हा लागतात, कारण तिथे मानसिक यातना, करिअरचं नुकसान आणि उपचारांचा खर्च पाहतात.

स्वतः बोलत असलेल्या संभाषणाचं रेकॉर्डिंग समित्या सहसा ऐकून घेतात. मूळ फाइल न कापता ठेवा आणि लेखी उतारा जोडा. ज्या संभाषणात तुम्ही नाही ते चोरून रेकॉर्ड करण्याच्या फंदात पडू नका.

तक्रार कुठे, कशी

दहा वा अधिक माणसं कामाला असलेल्या प्रत्येक कार्यालयात आणि शाखेत अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, किमान दोन कर्मचारी सदस्य, एक बाहेरची व्यक्ती, आणि एकूण निम्म्या तरी महिला. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. महाराष्ट्रात जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात तिची माहिती मिळते. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते. समितीच नेमलेली नसेल तर मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. प्रतिवादी दुसऱ्या खात्याचा असला तरी तिच्या स्वतःच्या कार्यालयातली समिती चौकशी करू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. क्लायंटकडची भेट, कंपनीची कॅब, बाहेरगावचं प्रशिक्षण हे सगळं कामाचं ठिकाणच. बँकेतल्या एका प्रकरणात राजस्थान उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये डिजिटल माध्यमातल्या छळालाही तेच लावलं.

पॉश कायद्याखालच्या नियमांतल्या नियम ७ प्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती, जोडपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते द्यायचे. फी नाही. लिहायला जमत नसेल तर समितीने मदत करायची आहे, हे कलम ९ मध्येच आहे. मेलने पाठवली तरी हाताने दिलेल्या प्रतीवर तारखेची पोच घ्या. शेवटी काय हवं ते लिहा, कारण मागणी नसलेली तक्रार चौकशीअंती ‘समज देण्यात यावी’ एवढ्यावर संपू शकते.

त्याच दिवशी कलम १२ खाली अंतरिम दिलाशाचा वेगळा अर्ज द्या: त्याची किंवा तुमची बदली, तीन महिन्यांपर्यंत जादा रजा (ही तुमच्या हक्काच्या रजेतून वळती होत नाही), आणि त्याने तुमचं अप्रेझल वा गोपनीय अहवाल लिहू नये असा आदेश. बदली तुमची नको असेल तर ‘प्रतिवादीची’ असं स्पष्ट लिहा. न सांगितल्यास सोयीचं म्हणून बाईलाच हलवतात. एका सरकारी बँकेच्या इंदूरमधल्या महिला अधिकाऱ्याची अशी बदली २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. त्याच प्रकरणात समितीतला बाहेरचा सदस्य बँकेच्याच वकिलांच्या पॅनेलवरचा असल्याचं पुढे आलं. तेव्हा तो बाहेरचा सदस्य कोण आहे, कंपनीकडून त्याला दुसरी कामं मिळतात का, हे पहिल्या सुनावणीआधी विचारा आणि हरकत असेल तर तेव्हाच लेखी घ्या.

सुनावणीत

समिती सात कामकाजाच्या दिवसांत तक्रारीची प्रत प्रतिवादीला पाठवते, त्याला उत्तराला दहा कामकाजाचे दिवस मिळतात. चौकशी नव्वद दिवसांत पुरी करायची. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर हवेत. कुणालाच वकील उभा करता येत नाही, पण कागद वकिलाकडून तपासून घ्यायला मनाई नाही.

समेटाचा प्रस्ताव आला तर लक्षात ठेवा: कलम १० खालचा समेट फक्त तक्रारदार महिलेच्या विनंतीवरूनच होतो आणि तो पैशांच्या तडजोडीवर करता येत नाही. समेट झाला की चौकशी थांबते.

प्रतिवादीला साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची संधी मिळावी लागते. समोरासमोर नको असेल तर प्रश्न लेखी घेऊन समितीने विचारावेत, अशी मागणी करा. ही संधीच काढून घ्या, असं मात्र म्हणू नका. ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य हे प्रकरण त्यासाठी वाचावं: गोवा विद्यापीठातल्या २००९ च्या तक्रारी, समितीने घाईत उरकलेल्या सुनावण्या, बडतर्फी, आणि १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक न्यायाचा भंग झाला म्हणून सगळं रद्द करून प्रकरण परत समितीकडे पाठवलं. चौदा वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर. त्याला मिळालेली वाजवी संधी हे तुमच्या निकालाचं संरक्षण आहे, म्हणून समिती घाई करत असेल तर तक्रारदारानेच थांबवावं.

दर सुनावणीचा इतिवृत्तान्त वाचूनच सही करा. तुमचं वाक्य गुळगुळीत करून लिहिलं असेल तर तिथल्या तिथे हाताने दुरुस्त करा. दोघेही कर्मचारी असतील तर निष्कर्षांची प्रत दोघांना देऊन त्यावर म्हणणं मांडायची संधी द्यायची असते. ती प्रत आली की एकच गोष्ट तपासा: कृती, नकोसेपणा आणि वातावरण या तिन्हींवर समितीने स्वतंत्र निष्कर्ष लिहिला आहे का? नुसतं ‘वर्तन अशोभनीय होतं’ असेल तर तेव्हाच लेखी दुरुस्ती मागा. असा अहवाल आज तुमच्या बाजूचा दिसतो, पण अपिलात तो उभा राहत नाही.

‘सिद्ध नाही झालं तर उलट माझ्यावरच कारवाई होईल’ ही भीती जवळपास प्रत्येकीला घातली जाते. कलम १४ मध्ये स्पष्ट आहे की पुरावा देता न आल्याने कारवाई होत नाही. दुष्ट हेतू वेगळी चौकशी करून सिद्ध करावा लागतो. गोपनीयता मात्र दोन्ही बाजूंना आणि साक्षीदारांनाही बांधते. प्रकरण चालू असताना सोशल मीडियावर नावं टाकली तर कलम १६ चा भंग होतो.

चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अहवाल, आणि मालकाने साठ दिवसांत अंमलबजावणी. ‘आता नव्याने खातेनिहाय चौकशी करू’ असं सरकारी कार्यालयात कुणी म्हटलं, तर पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेवरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा: समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल मानायचा आहे. शिफारशी मान्य नसतील तर अपिलाला नव्वद दिवस. पोलिसांकडे जायचं असेल तर समितीचा निकाल येईपर्यंत थांबायची गरज नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लागतं, त्याआधीच्या घटनांना जुन्या दंडसंहितेचं ३५४-अ, आणि फिर्याद नोंदवायला मदत करणं हे कलम १९ खाली मालकाचं कर्तव्य आहे. दोन्हीकडे दिलेल्या जबाबातल्या तारखा आणि शब्द जुळतात ना, ते सही करण्याआधी ताडून पाहा.